हातचे कसब आणि हक्काचे भांडवल

घरातील कर्त्या पुरुषाचे निधन झाले म्हणजे त्या घरावर एकाच वेळी दोन आघात होतात. पहिला आघात मनावरचा. तो सर्वांना दिसतो; समाचाराला येणारी माणसे त्याविषयीच बोलतात आणि आपापल्या परीने धीर देतात. दुसरा आघात संसाराच्या हिशेबावरचा. त्याविषयी तेरावा दिवस उलटेपर्यंत सहसा कोणी तोंड उघडीत नाही. परंतु घरभाडे, वाण्याची उधारी, मुलांची फी आणि अखेरच्या आजारात दवाखान्यासाठी काढलेले कर्ज ही सारी मंडळी चौदाव्या दिवशी दारात येऊन उभी राहतात. ज्या घरात शिल्लक आहे, विमा आहे किंवा निवृत्तिवेतन आहे, ते घर कसेबसे सावरते. रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घराची गोष्ट निराळी. तेथे वैधव्य आणि दारिद्र्य ही एकाच दिवशी उंबरठा ओलांडतात.

आजच्या भाषणात मी या दुसऱ्या आघाताचा विचार करणार आहे. गरीब विधवेला शिक्षण द्यावे, थोडे भांडवल मिळवून द्यावे आणि तिला स्वतःच्या पायावर उभे राहू द्यावे, ही कल्पना आता सर्वमान्य झाली आहे. सर्वमान्य कल्पनांविषयी एक धोका मात्र नेहमी असतो. त्यांचा उच्चार पुष्कळ होतो आणि विचार थोडा होतो. शिक्षण कोणते द्यावयाचे, कर्ज केव्हा द्यावयाचे, आणि या दोहोंपैकी आधी काय व नंतर काय, या प्रश्नांची उत्तरे चुकली तर मदतीचा हात हाच गळ्यातला फास होऊ शकतो. सुदैवाने ही उत्तरे शोधण्यासाठी आपल्याला फार दूर जावयास नको. महाराष्ट्राला या कामाचा सव्वाशे वर्षांहून अधिक अनुभव आहे.

विधवेच्या पुनर्विवाहास कायद्याने १८५६ साली मान्यता मिळाली. परंतु कायद्याने वाट मोकळी केली तरी त्या वाटेने जाणाऱ्या स्त्रिया थोड्याच निघाल्या. आणि ज्यांना पुनर्विवाह करावयाचा नव्हता किंवा शक्य नव्हता, त्यांनी जगावे कसे हा प्रश्न तसाच राहिला. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, ते याच प्रश्नाला उत्तर म्हणून. पुढच्याच वर्षी ते पुण्यास गेले. या सदनात शिकलेल्या पहिल्या विधवांपैकी गोदूबाई या एक होत. त्यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विवाह केला, आणि पुढे त्याच आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि १९०० साली आश्रम पुण्याजवळच्या हिंगण्याच्या माळावर नेला. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा होत्या. त्या आश्रमात शिकल्या, तेथेच कामास लागल्या, आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत अमेरिकेपर्यंत गेल्या.

केडगावच्या मुक्ती सदनात विणकाम, मुद्रण, दुग्धालय असे उद्योग पंडिता रमाबाईंनी स्त्रियांच्या हाती दिले. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने १९०९ पासून शिक्षिका आणि परिचारिका घडविण्याचे काम हाती घेतले. परक्या माणसाच्या अंगाला हात लावून शुश्रूषा करणे हे त्या काळी पांढरपेशा घरांत कमीपणाचे मानले जाई. असा धंदा सेवासदनाने प्रतिष्ठित केला, ही गोष्ट लहान नव्हे.

या सर्व संस्थांची रीत साधारण एकच होती. विधवेला तिच्या घरातून बाहेर काढावयाचे, आश्रमात ठेवावयाचे, काही वर्षे शिकवावयाचे आणि मग शिक्षिका, परिचारिका किंवा कारागीर म्हणून जगात पाठवावयाचे. त्या काळच्या बालविधवेला ही रीत योग्यच होती. तिला मुलेबाळे नसत, सासरी तिला राबणूक आणि अपमान यांखेरीज काही मिळत नसे, आणि तिच्यापुढे सारे आयुष्य पडलेले असे.

परंतु आजच्या शहरातील गरीब विधवा ही बहुधा बालविधवा नसते. तिचे वय तीस-पस्तीस असते. पदरी दोन-तीन मुले असतात. कित्येकदा म्हातारी सासूही तिच्याच आधाराने असते. ती आश्रमात जाऊन पाच वर्षे शिकू शकत नाही. तिला या महिन्याचे भाडे या महिन्यातच भरावयाचे असते. तिच्यासाठी निराळी रीत शोधावी लागली, आणि ती रीत सापडली मुंबईच्या गिरणगावात.

गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार मुंबईत एकटेच राहात. त्यांचे कुटुंब गावी असे. त्यांच्या जेवणाची सोय करणाऱ्या बाया म्हणजे खानावळवाल्या. एका खोलीच्या संसारात चूल पेटवून त्या दहा-वीस माणसांना दोन वेळा जेवू घालीत. त्यांत विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, आणि ज्यांच्या नवऱ्यांची कमाई अपुरी किंवा अनिश्चित होती अशाही होत्या. या धंद्यातली अडचण समजून घेण्यासारखी आहे. कामगार पैसे देई महिनाअखेर. धान्य, तेल आणि रॉकेल मात्र आज लागे. म्हणून बाई वाण्याकडून उधार आणी. उधारीचा माल महाग मिळे, आणि तेवढ्याने न भागले तर सावकाराकडे भांडी किंवा मंगळसूत्र गहाण पडे. ती पहाटेपासून रात्रीपर्यंत राबे आणि तिच्या श्रमाचे लोणी वाणी व सावकार खात. तिला स्वयंपाक येत नव्हता असे नाही. तिच्याजवळ गिऱ्हाईक नव्हते असेही नाही. तिच्याजवळ नव्हते ते फक्त स्वस्त भांडवल.

कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताई पुरव यांच्या लक्षात नेमकी हीच गोष्ट आली, आणि १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, आणि १९७२ पासून अगदी गरिबांना शेकडा ४ अशा सवलतीच्या व्याजाने कर्ज देण्याची योजना निघाली होती. परंतु योजना कागदावर असणे निराळे आणि परळच्या चाळीतील अशिक्षित बाईने बँकेच्या खिडकीशी उभे राहणे निराळे. तारण काय, जामीन कोण, सही कोठे करावयाची, असे प्रश्न येताच ती बाई परत फिरे. मंडळाने बायांचे गट केले आणि प्रत्येकीला गटातील इतरांचा जामीन मिळवून दिला. अर्ज भरून दिले, बँकेपर्यंत सोबत केली, आणि हप्ते वेळेवर जातात की नाही यावर लक्ष ठेवले. तारणाची जागा सोबतीने घेतली. हे सारे १९७५ साली घडले. बांगला देशातील जोब्रा गावी प्राध्यापक महंमद युनूस यांनी गरीब कारागिरांना स्वतःच्या खिशातून पहिले कर्ज दिले ते १९७६ साली; आणि अहमदाबादेत सेवा संस्थेची महिला बँक सुरू झाली होती १९७४ साली. याचा अर्थ, ज्या विचाराचा पुढे जगभर गाजावाजा झाला, तो आपल्या गिरणगावात त्याच सुमारास स्वतंत्रपणे अंकुरला होता.

याच्याही सोळा वर्षे आधीची एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायांनी ८० रुपयांच्या कर्जावर पापड लाटावयास सुरुवात केली. लिज्जत पापडाचा तो आरंभ. त्यांनी देणगी घेतली नाही. कर्ज घेतले आणि ते फेडले. भिजविलेले पीठ केंद्रातून घ्यावयाचे, घरी पापड लाटावयाचे, दुसऱ्या दिवशी पापड देऊन मजुरी घ्यावयाची, आणि प्रत्येक भगिनी ही उद्योगाची मालकीण, अशी ही पद्धत आहे. ती केवळ विधवांसाठी नाही. तथापि मुलांना सोडून बाहेर जाऊ न शकणाऱ्या विधवेला तिच्याइतकी सोयीची पद्धत दुसरी सापडणे कठीण.

हिंगणे आणि गिरणगाव यांतील फरक आता ध्यानात येईल. आश्रमाने विधवेला नवे कसब शिकविले. अन्नपूर्णा आणि लिज्जत यांनी तिच्या हातात आधीच असलेल्या कसबाला बाजारात किंमत मिळवून दिली. पहिल्या मार्गात वर्षे लागतात. दुसऱ्यात आठवडे पुरतात. दोन्ही मार्ग अजूनही आवश्यक आहेत; कोणत्या बाईला कोणता मार्ग, एवढेच ठरवावे लागते.

आता नवी मुंबईकडे वळू. १९७० साली सिडको स्थापन झाले आणि खाडीपलीकडच्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसू लागले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने, वाशी-तुर्भ्याच्या घाऊक बाजारपेठा आणि अलीकडे ऐरोली-महापे भागातील संगणक कंपन्या यांनी लाखो माणसांना या शहरात ओढले. अन्नपूर्णा महिला मंडळानेही वाशी येथे स्त्रियांसाठी वसतिगृह आणि प्रशिक्षणाचे केंद्र उभारले. गिरणगावात रुजलेले काम खाडी ओलांडून येथे आले, हा निव्वळ योगायोग नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत, आणि त्यांच्याबरोबर खानावळवाल्यांचे गिऱ्हाईकही विखुरले. त्यातून एक धडा मिळाला. सारे गिऱ्हाईक एकाच धंद्यातले असेल तर तो धंदा बसताच आपणही बसतो.

नवी मुंबईत गिरण्या नाहीत. पण घरापासून दूर राहणारी, दोन वेळच्या ताज्या जेवणासाठी आसुसलेली माणसे आहेत. तरुण नोकरदार आहेत, बाजारात माल चढवणारे-उतरवणारे हमाल आहेत, आणि नवरा-बायको दोघेही कामावर जातात अशी हजारो घरे आहेत. म्हणूनच येथे गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रे दिसतात. खानावळीचेच हे नवे रूप होय.

एक उदाहरण कल्पनेने उभे करू. तुर्भ्यास भाड्याच्या खोलीत राहणारी एक बाई आहे. नवरा बाजारात रोजंदारीवर होता, तो गेला. दोन मुले शाळेत आहेत. तिला उत्तम पोळ्या करता येतात. शेगडी, मोठा तवा, परात, पहिल्या महिन्याचे पीठ व तेल यांसाठी तिला १२,००० रुपये पाहिजेत. हे पैसे तिला तीन ठिकाणी मिळू शकतील असे समजू.

पहिले ठिकाण खाजगी सावकाराचे. त्याचा दर दरमहा शेकडा ५. ऐकताना पाच हा आकडा लहान वाटतो. पण तो महिन्याचा आहे. महिन्याला ६०० रुपये, वर्षाला ७,२०० रुपये नुसते व्याज, आणि मुद्दल १२,००० रुपये तसेच्या तसे डोक्यावर. दुसरे ठिकाण असे की, तेथे दर वर्षाला शेकडा १२ सांगतात; पण व्याज संपूर्ण १२,००० रुपयांवर संपूर्ण वर्षासाठी आकारतात. म्हणजे १,४४० रुपये व्याज, आणि बारा हप्ते प्रत्येकी १,१२० रुपयांचे. तिसऱ्या ठिकाणीही दर शेकडा १२ च आहे; पण तेथे दर महिन्याला मुद्दलाचे १,००० रुपये फिटत जातात आणि जेवढे मुद्दल उरले तेवढ्यावरच व्याज लागते. पहिल्या महिन्यात १२० रुपये, दुसऱ्यात ११०, तिसऱ्यात १००, असे करीत वर्षाचे व्याज ७८० रुपये होते. दर तोच, रक्कम तीच, मुदत तीच. आणि व्याजात जवळजवळ दुपटीचा फरक! दुसऱ्या ठिकाणचा खरा दर शेकडा १२ नसून सुमारे २२ पडतो. हा फरक त्या बाईला कोणी समजावून सांगितला नाही, तर तिला पोळ्या लाटावयास शिकवून काय उपयोग? म्हणून मी म्हणतो की, प्रशिक्षणाचा पहिला धडा शिवणाचा किंवा पाककलेचा नसावा. तो व्याजाचा असावा.

या बाबतीत कायद्याने आता काही संरक्षण दिले आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या नियमांप्रमाणे, वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले सूक्ष्म कर्ज विनातारण असले पाहिजे, आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. या नियमांची गरज का भासली? २०१० साली आंध्र प्रदेशात काही खाजगी संस्थांनी एकाच घराला चार-चार कर्जे दिली, वसुलीसाठी दंडेली केली, आणि कर्जबाजारी झालेल्या कित्येकांनी आपला जीव दिला. तेव्हा लहान कर्ज म्हणजे निरुपद्रवी कर्ज, असे समजण्याचे कारण नाही. गरिबाला लहान कर्जही मोठेच असते.

यावरून मदतीच्या क्रमाचा मुद्दा निघतो, आणि माझ्या भाषणाचा गाभा तोच आहे. विधवेला कर्ज द्यावे, पण सर्वांत शेवटी द्यावे.

सर्वांत आधी तिला उसंत मिळाली पाहिजे. शोक ताजा असताना, मुले भुकेली असताना जे कर्ज काढले जाते ते धंद्यात जात नाही. ते पोटात आणि औषधात जाते, आणि हप्ता मात्र धंद्याचाच द्यावा लागतो. या पहिल्या काही महिन्यांसाठी जे साहाय्य आहे ते तिच्यापर्यंत पोहोचविणे हेच खरे काम. दारिद्र्यरेषेखालील घरातील कर्ता माणूस साठ वर्षांच्या आत वारला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये एकरकमी मिळतात. १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेची मासिक रक्कम २०२३ साली १,५०० रुपये करण्यात आली. रक्कम मोठी नाही. पण नियमित येणारे १,५०० रुपये सावकाराच्या दारापासून बाईला दूर ठेवू शकतात. त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा ही कागदपत्रे लागतात. ज्या स्त्रीने आजवर तहसील कचेरीची पायरी चढलेली नाही, तिच्यासाठी ही कागदपत्रे म्हणजे डोंगरच असतो. शिकलेला शेजारी दोन सकाळी खर्चून हा डोंगर हलवू शकतो.

दुसरी पायरी कसबाची आणि गिऱ्हाइकाची. या दोन गोष्टी मी मुद्दाम एकत्र घेतो, कारण त्यांची फारकत झाली की पैसा आणि श्रम दोन्ही वाया जातात. शिवणयंत्र वाटण्याचा कार्यक्रम आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. समारंभ होतो, छायाचित्रे निघतात. पण एकाच वस्तीत वीस बायांना वीस यंत्रे दिली आणि त्या वस्तीत ब्लाउज शिवून घेणारी घरे तीसच असली, तर काय होणार? दर उतरतात आणि यंत्रावर चादर पडते. याउलट, शाळांचे गणवेश, रुग्णालयाच्या चादरी किंवा कारखान्यातील हातमोजे यांचे काम आधी ठरविले आणि मग तेवढ्याच बायांना तेच शिवण शिकविले, तर प्रत्येक यंत्र चालते. शिकवण्याआधी विकण्याची सोय पाहावी, हा नियम साधा आहे. तो पाळला मात्र क्वचितच जातो. आणखी एक गोष्ट. प्रशिक्षणाच्या दिवसांत बाईची मजुरी बुडते आणि तिची मुले उघड्यावर पडतात. तेव्हा शिकत असता थोडे विद्यावेतन आणि जवळच पाळणाघर ही चैन नव्हे. त्यांच्यावाचून जिला सर्वांत अधिक गरज आहे तीच बाई वर्गात येऊ शकणार नाही.

तिसरी पायरी बचतीची आणि सोबतीची. नाबार्डने १९९२ साली ५०० बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ पुढे या बचत गटांचे काम करू लागले. गटाचे तत्त्व जुन्या भिशीसारखेच आहे. फरक एवढाच की येथे हिशेब लिहिला जातो आणि खाते बँकेत असते. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकावयाची, त्यातूनच एकमेकींना लहान कर्जे द्यावयाची, आणि काही महिने हा व्यवहार चोख चालला की बँकेकडे जावयाचे. थेंबे थेंबे तळे साचे हे खरे. पण गटाचा खरा लाभ तळ्याहून मोठा आहे. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात कांदा गोणीने घ्यावा लागतो. एकट्या बाईला गोणी परवडत नाही आणि संपतही नाही. पाचजणींनी मिळून घेतली तर प्रत्येकीला घाऊक भाव मिळतो. एक आजारी पडली तर दुसरी तिचे डबे पोहोचविते. वैधव्याने आलेले एकटेपण थोडे निवळते, हा लाभ तर कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. चेतना गाला सिन्हा यांनी तेथील कष्टकरी बायांसाठी बँक काढण्याचा अर्ज केला. प्रवर्तक बाया निरक्षर आहेत म्हणून परवाना नाकारला गेला. त्या बाया निराश होऊन घरी बसल्या नाहीत. त्या शिकल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. रोजंदारीची मजुरी बुडवून बायांना बँकेत येणे जमत नाही, म्हणून बँकेचीच माणसे बाजारात आणि दारोदार जाऊन रोजची बचत घेऊ लागली. ज्याची कमाई रोजची, त्याची बचत आणि हप्ता हेही लहान आणि वारंवार असावेत, हे या बायांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते.

या तीन पायऱ्यांनंतर कर्ज यावे. ते तिच्या स्वतःच्या नावावर असावे. दिराच्या किंवा भावाच्या नावावर नसावे. पहिले कर्ज लहान असावे, आणि ते फिटल्यावर दुसरे थोडे मोठे मिळावे. धंद्यातून पैसा येऊ लागण्याआधी पहिला हप्ता मागू नये. आणि कर्जाबरोबर विमा असावा. प्रेमाताईंच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतील नोकरी सोडून उभारलेल्या अन्नपूर्णा परिवाराने पुणे आणि मुंबईच्या वस्त्यांत कर्जाच्या जोडीला सभासदांचा आपसातील विमा चालविला आहे, पाळणाघरे काढली आहेत, आणि एकट्या मातांच्या मुलांच्या शिक्षणासाठी साहाय्य ठेवले आहे. यातील दूरदृष्टी उघड आहे. घरात एक आजार आला की धंद्याचे भांडवल दवाखान्यात जाते. विमा नसेल तर प्रत्येक कर्जदार बाई एका तापाच्या अंतरावर पुन्हा सावकाराजवळ उभी असते.

हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, हा मार्ग सर्वांसाठी नाही. वृद्ध, आजारी किंवा धंद्याची मुळीच आवड नसलेल्या स्त्रीला कर्ज देऊन उद्योजिका करण्याचा अट्टहास करू नये. कोणाला नियमित वेतनाची नोकरी पाहिजे असते, कोणाला फक्त निवृत्तिवेतन. स्वावलंबन हा शब्द गोड आहे. परंतु समाजाने आपले कर्तव्य झटकण्यासाठी त्याचा उपयोग करणे शोभत नाही.

आणखी एका गोष्टीकडे सुशिक्षित घरांनीही लक्ष दिले पाहिजे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर विधवा ही मुलगे, मुली आणि पतीची आई यांच्या बरोबरीने पतीच्या मिळकतीची पहिल्या वर्गातील वारस ठरते. तरीही कित्येक घरांत तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि तीही दुःखाच्या पहिल्या आठवड्यांत. राहती खोली तिच्या नावावर राहिली तर भाडे वाचते, तेथेच धंदा चालतो, आणि कर्जाची गरजच अर्धी होते. हक्काचे भांडवल आधी घालवून मग उसने भांडवल शोधणे हा कोठला शहाणपणा?

आता आपण, म्हणजे हे भाषण आपल्या दिवाणखान्यात बसून ऐकणारी मंडळी, काय करू शकतो? देणग्या द्याव्यात हे खरेच; पण त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे नियमित काम द्यावे. दिवाळीचा फराळ, रोजच्या पोळ्या, वर्षाचा मसाला आणि लहानसहान समारंभांचे जेवण ही कामे अशा बायांच्या गटाकडे द्यावीत, आणि त्यांचा दाम रास्त असेल तर घासाघीस करू नये. मुख्य म्हणजे पैसे त्याच दिवशी द्यावेत. सुशिक्षित घरांतून ‘पहिल्या तारखेला बघू’ हे वाक्य फार सहज निघते. आपल्या दृष्टीने ती पंधरा दिवसांची सवलत असते. तिच्या दृष्टीने तेच तिचे सारे खेळते भांडवल असते. गिरणगावातील खानावळवाली जिने कर्जबाजारी झाली ती हीच महिनाअखेरची उधारी.

शुभकार्याचा प्रश्नही याच व्यवहारात येतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये पतीच्या मृत्यूनंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो आदर्श घेण्यास सांगितले. हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. ज्या बाईच्या हातचे लाडू मंगल कार्याला चालत नाहीत असे आपण मनात धरतो, तिचा लग्नसराईतला धंदा आपण बुडवीत असतो. एका हाताने शिवणयंत्र द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाईक काढून घ्यावयाचे, यात कसला परोपकार?

श्रोतेहो, हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली त्या वेळी विधवेने शिकावे की नाही हाच वाद होता. तो वाद आज संपला आहे. आता उरले आहे ते काम त्यामानाने साधे, पण चिकाटीचे आहे. आपल्या इमारतीच्या मागच्या वस्तीत गेल्या वर्षभरात ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरच्या बाईला कुटुंब लाभाचा अर्ज कोणी भरून दिला आहे काय, तिच्या नावाने बँकेत खाते आहे काय, तिला काय करता येते हे कोणी विचारले आहे काय, एवढी चौकशी या आठवड्यात प्रत्येक घराने केली, तरी या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.